रिकार्डो पेपीचे गोल ऑग्सबर्गमध्ये का आटले आणि नेदरलँड्समध्ये का सुरू झाले

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण टेक्ससमधील फ्रिस्को येथे राहता, आपला पंधरा वर्षांचा मुलगा तेथील एका अकादमीत स्ट्रायकर, म्हणजे गोल करण्याची मुख्य जबाबदारी असलेला पुढचा खेळाडू, म्हणून खेळतो, आणि एफसी डॅलस या क्लबमधून युरोपात गेलेल्या रिकार्डो पेपीची कारकीर्द पाहून आपल्या मनात गोंधळ झाला आहे. जर्मनीत त्याला बुंडेसलिगा या तिथल्या अव्वल लीगमध्ये एकही गोल करता आला नाही, नेदरलँड्समध्ये मात्र तो नियमित गोल करू लागला. तेव्हा यांतले खरे काय मानायचे, डच लीग सोपी असल्यामुळे तेथील गोलांना किती किंमत द्यायची, आणि यावरून तरुण मुलाने युरोपात केव्हा व कोठे जावे हे कसे ठरवायचे, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे तरुण संघांतील स्ट्रायकरना शिकवीत आलो आहे, त्यामुळे उत्तरही त्याच अंगाने देतो. माझे मत आधीच सांगून टाकतो: पेपी दोन्हीकडे साधारण तोच खेळाडू होता. स्ट्रायकर हा मैदानावरचा सर्वांत परावलंबी माणूस असतो, आणि त्याचे गोल मोजताना त्याच्यापर्यंत चेंडू कोण, कोठून आणि किती वेळा पोहोचवतो हे मोजले नाही तर हिशेब हमखास चुकतो.

पेपीचा जन्म ९ जानेवारी २००३ रोजी एल पासो येथे झाला आणि तो मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या सॅन एलिझारियो या छोट्या गावात, मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबात वाढला. एल पासोहून डॅलस सुमारे १००० किलोमीटर दूर आहे, म्हणजे एफसी डॅलसच्या अकादमीत जाणे हेच त्याच्यासाठी पहिले स्थलांतर होते. २०१९ मध्ये क्लबचा दुसरा संघ, नॉर्थ टेक्सस एससी, आपला पहिलावहिला सामना खेळला तेव्हा सोळा वर्षांच्या पेपीने त्यात हॅट्ट्रिक केली, म्हणजे एकट्याने तीन गोल केले. २०२१ च्या हंगामात त्याने एमएलएसमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल लीगमध्ये, १३ गोल केले, जुलैमध्ये एलए गॅलक्सीविरुद्ध तीन गोल करून लीगच्या इतिहासातला सर्वांत तरुण हॅट्ट्रिकवीर ठरला, आणि ऑगस्टमध्ये मेक्सिकन लीगच्या निवडक संघाविरुद्धच्या ऑल-स्टार सामन्यात निर्णायक पेनल्टी त्यानेच मारली. त्याच सुमारास मेक्सिको आणि अमेरिका या दोन देशांपैकी त्याने अमेरिका निवडली.

यानंतरचे तीन गोल आपण मुलाला शेजारी बसवून पुन्हा पाहावेत, कारण पेपी कशा प्रकारचा स्ट्रायकर आहे हे त्यांत पुरते दिसते. ८ सप्टेंबर २०२१ रोजी सॅन पेद्रो सुलामध्ये होंडुरासविरुद्ध अमेरिका मध्यंतराला एका गोलने मागे होती. पदार्पण करणाऱ्या पेपीने उत्तरार्धात अँटनी रॉबिन्सनच्या बरोबरीच्या गोलला हातभार लावला आणि ७५ व्या मिनिटाला उजवीकडून आलेल्या डिआंड्रे येडलिनच्या क्रॉसवर, म्हणजे बाजूने गोलसमोर टाकलेल्या चेंडूवर, स्वतः हेडर मारला; अमेरिका ४-१ अशी जिंकली. महिनाभराने, ७ ऑक्टोबरला, ऑस्टिनमध्ये जमैकाविरुद्ध त्याने दोन गोल केले. पहिला सर्जिन्यो डेस्टच्या क्रॉसवर हेडरने, दुसरा ब्रेंडन आरन्सनने गोलसमोर सरकवलेल्या चेंडूवर अगदी जवळून. तिन्ही गोल बाजूने आलेल्या चेंडूवर, गोलच्या तोंडाशी, एकाच स्पर्शात झाले आहेत. त्याने कोठेही तिघांना चकवून लांबून फटका मारलेला नाही. चेंडू विंगरच्या, म्हणजे कडेने खेळणाऱ्या आक्रमकाच्या, पायात असताना तो आधी बचावपटूच्या पाठीमागच्या, म्हणजे न दिसणाऱ्या बाजूला सरकतो, क्षणभर थांबतो, आणि क्रॉस सुटण्याच्या बेतात असताना बचावपटूच्या पुढून घुसतो. हे कौशल्य दिसायला साधे असले तरी शिकवायला फार अवघड आहे, कारण धावायचे कधी हे पायाला नव्हे तर डोळ्याला कळावे लागते. अठराव्या वर्षी ते त्याच्याजवळ होते, ही दुर्मीळ गोष्ट होती.

परंतु या कौशल्याची एक पूर्वअट आहे. बाजूने चेंडू यायला हवा आणि तो यायचा तर संघ प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात पुरेसा वेळ असायला हवा.

जानेवारी २०२२ मध्ये एफसी ऑग्सबर्गने सुमारे २ कोटी डॉलर मोजून पेपीला घेतले. ऑग्सबर्गच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी खरेदी होती. आता त्या संघाकडे पाहा. ऑग्सबर्ग बुंडेसलिगामध्ये वर्षानुवर्षे टिकून राहण्यासाठी खेळणारा क्लब आहे. त्या हंगामात तो १४ व्या क्रमांकावर राहिला आणि ३४ सामन्यांत त्याने ३९ गोल केले. असे संघ आपल्या भागात दाटीने उभे राहतात, चेंडू मिळाला की लांब पाठवतात, आणि पुढच्या खेळाडूने तो दोन धिप्पाड सेंटर-बॅकच्या (मधल्या बचावपटूंच्या) मध्ये उडी मारून अडवावा, सोबती येईपर्यंत धरून ठेवावा, आणि तो गेला की पुन्हा धावून दबाव टाकावा, अशी अपेक्षा ठेवतात. हे सेंटर-फॉरवर्डचेच, म्हणजे मधल्या स्ट्रायकरचेच, काम आहे आणि सन्मानाचेही आहे, पण ते तिशीच्या आसपासच्या, खांद्याने भक्कम, शंभर लढती झेललेल्या माणसाचे काम आहे. ऑग्सबर्गकडे त्या वेळी मिखाएल ग्रेगोरिच आणि फ्लोरियान नीडरलेख्नर यांच्यासारखे तशा खेळात मुरलेले स्ट्रायकर होतेही. खालच्या लीगमध्ये घसरण्याची टांगती तलवार डोक्यावर असताना प्रशिक्षक अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला शिकवण्यासाठी सामने देत नाही. मार्कुस वाइन्त्सिअर्ल यांनी ते दिले नाहीत, आणि हंगाम संपताच त्यांनी स्वतःच पद सोडले, त्यामुळे ज्या प्रशिक्षकाच्या हाताखाली पेपी आला तोही काही महिन्यांत गेला.

यात वेळापत्रकाची अडचण मिसळली. एमएलएसचा हंगाम वसंतात सुरू होऊन हिवाळ्याच्या तोंडाशी संपतो, तर युरोपचा उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होऊन मे महिन्यात संपतो. पेपीने २०२१ चा संपूर्ण एमएलएस हंगाम खेळला, सोबत सप्टेंबरपासून विश्वचषक पात्रतेचे सामने खेळला, आणि जेव्हा शरीराला विश्रांती हवी होती नेमके तेव्हा जर्मनीच्या हिवाळ्यात, अर्धा हंगाम उलटून गेलेल्या संघात जाऊन उभा राहिला. हंगामपूर्व सरावाचे सहा-सात आठवडे हे नव्या खेळाडूसाठी सोन्यासारखे असतात. त्यात विंगर क्रॉस कधी सोडतो, कोणाचा डावा पाय चांगला, कोण पहिल्या स्पर्शातच चेंडू टाकतो हे कळते. जानेवारीत येणाऱ्याला हे सगळे सामन्यांतच शिकावे लागते आणि सामन्यात त्याला शेवटची १५ मिनिटे मिळतात. एमएलएसने २०२७ पासून आपले वेळापत्रक युरोपच्या जवळ नेण्याचे ठरवले आहे, त्यामुळे आपल्या मुलाच्या पिढीला ही विशिष्ट अडचण बहुधा भेडसावणार नाही. पण पेपीला तिने चांगलेच छळले.

आणि मग पैशाचे ओझे. दोन कोटी डॉलरचा खेळाडू पाच सामने गोलविना गेला की वर्तमानपत्रे, प्रेक्षक आणि हळूहळू तो स्वतः प्रत्येक चेंडूकडे कर्ज फेडण्याची संधी म्हणून पाहू लागतो. असा स्ट्रायकर मी सरावातही लांबून ओळखू शकतो. तो गोलसमोरच्या चौकटीतली, म्हणजे बॉक्समधली, आपली जागा सोडून चेंडू शोधत मध्यरेषेकडे येतो, कारण चेंडूला पाय लागल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, आणि मग क्रॉस येतो तेव्हा तो गोलपासून २५ यार्डांवर असतो. ऑक्टोबर २०२१ मधल्या जमैकाविरुद्धच्या त्या दोन गोलांनंतर पेपीला क्लब आणि देश मिळून जवळपास वर्षभर गोल करता आला नाही. त्या काळातले त्याचे सामने पाहिले तर ही सवय त्याच्यात शिरलेली स्पष्ट दिसते. म्हणून सगळा दोष ऑग्सबर्गवर टाकणे मला मान्य नाही. संघ त्याच्यासाठी चुकीचा होता हे खरे, पण त्या संघात त्याचे स्वतःचे खेळणेही बिघडले होते.

ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस तो उसनवारीवर एफसी ग्रोनिंगनला गेला. हा निर्णय त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणपणाचा होता असे मी मानतो, आणि त्याचे श्रेय ज्याने कोणी हा विचार मांडला त्याला व खुद्द पेपीला द्यायला हवे, कारण विश्वचषक तीन महिन्यांवर असताना मोठ्या लीगमधून लहान लीगमध्ये जाणे म्हणजे लोकांच्या नजरेत पायरी उतरणे होते. ग्रोनिंगन हा नेदरलँड्सच्या उत्तरेकडचा क्लब आहे. लुईस सुआरेझ २००६ मध्ये उरुग्वेहून युरोपात प्रथम तेथेच आला आणि वर्षभर खेळून आयाक्सला गेला. पेपी गेला ते वर्ष मात्र ग्रोनिंगनसाठी भयंकर ठरले. प्रशिक्षक मध्येच बदलले, संघ शेवटचा आला आणि खालच्या विभागात घसरला. तरीही पेपीने लीगमध्ये १२ गोल केले, म्हणजे संपूर्ण संघाच्या गोलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक.

येथे आपण मला थांबवून विचाराल की ऑग्सबर्गही कमकुवत आणि ग्रोनिंगन त्याहूनही कमकुवत, मग चेंडू पुरवण्याचा माझा सिद्धांत कोठे राहिला. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर डच फुटबॉलच्या घडणीत आहे. तेथे तळाचा संघसुद्धा बहुधा ४-३-३ अशी रचना (चार बचावपटू, तीन मधले, तीन पुढचे) घेऊन उतरतो, दोन विंगर मैदानाच्या कडेच्या रेषेला चिकटून उभे करतो, आणि पराभव होत असला तरी गोलकीपरपासून चेंडू खेळवत पुढे नेण्याचा प्रयत्न करतो. असा संघ चार गोल खातो, पण त्या ९० मिनिटांत त्याचे विंगर काही वेळा तरी बाजूने पोहोचतात आणि मध्ये नऊ नंबरचा खेळाडू, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, ठरलेल्या जागी असतो. जर्मनीतला तळाचा संघ कमी गोल खाण्याचा प्रयत्न करतो आणि त्याची किंमत स्ट्रायकर मोजतो. दुसरी आणि कदाचित अधिक मोठी गोष्ट म्हणजे ग्रोनिंगनमध्ये पेपी दर आठवड्याला पहिल्या मिनिटापासून खेळत होता. एक संधी हुकली तर पुढच्या शनिवारी दुसरी मिळणार आहे याची खात्री असली की स्ट्रायकर मध्यरेषेकडे धावत नाही. तो बॉक्समध्ये थांबायला पुन्हा शिकतो. पेपीचे ग्रोनिंगनमधले गोल पाहताना मला सॅन पेद्रो सुला आणि ऑस्टिनमधला मुलगा पुन्हा दिसू लागला.

विश्वचषकाच्या संघात मात्र त्याला स्थान मिळाले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रशिक्षक ग्रेग बरहॉल्टर यांनी सेंटर-फॉरवर्ड म्हणून जोश सार्जंट, हाजी राइट आणि एफसी डॅलसमधला पेपीचाच जुना सहकारी हेसुस फेरेरा यांना निवडले. पेपी त्या वेळी गोल करत होता, त्यामुळे हा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. कतारमध्ये अमेरिकेने चार सामन्यांत तीन गोल केले. त्यांपैकी सेंटर-फॉरवर्डचा एकच, आणि तो राइटचा, नेदरलँड्सविरुद्धच्या १-३ अशा पराभवात. पेपीने तक्रार करण्याऐवजी मार्च २०२३ मध्ये संघात परतताच ग्रेनाडाविरुद्ध दोन आणि तीन दिवसांनी एल साल्वाडोरविरुद्ध सामन्यातला एकमेव गोल केला, आणि जूनमध्ये नेशन्स लीग या उत्तर व मध्य अमेरिकी देशांच्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात मेक्सिकोविरुद्ध बदली खेळाडू म्हणून येऊन ३-० अशा विजयातला तिसरा गोल केला. दोन वर्षांपूर्वी त्याच देशाची जर्सी घालण्याचा पर्याय त्याच्यापुढे होता हे लक्षात घेता त्या गोलचे मोल त्याच्या कुटुंबाला निराळे वाटले असणार.

२०२३ च्या उन्हाळ्यात पीएसव्ही आइंडहोवन या मोठ्या डच क्लबने त्याला ऑग्सबर्गकडून कायमचे घेतले, ऑग्सबर्गने दिलेल्या रकमेपेक्षा बऱ्याच कमी किमतीत. येथे एक अमेरिकन दुवा आहे. अर्नी स्टुअर्ट हे नेदरलँड्समध्ये दीर्घकाळ खेळलेले अमेरिकेचे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू त्याच वर्षाच्या आरंभी अमेरिकी फुटबॉल महासंघातले पद सोडून पीएसव्हीचे फुटबॉल संचालक झाले होते. सर्जिन्यो डेस्ट आणि मलिक टिलमन हेही त्याच उन्हाळ्यात तेथे आले, त्यामुळे ड्रेसिंग रूममध्ये पेपी एकटा पडला नाही. वीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही गोष्ट गौण नाही. ऑग्सबर्गमध्ये भाषा, हवामान, घर आणि जेवण यांपैकी काहीच त्याचे नव्हते.

पीएसव्हीमधले पहिले वर्ष वरवर पाहता पुन्हा बाकावरचे होते. प्रशिक्षक पीटर बॉस यांचा संघ त्या हंगामात ३४ पैकी एकच सामना हरला, १११ गोल करून विजेता ठरला, आणि त्यातले २९ गोल एकट्या लूक डी योंगचे होते. तेहतीस वर्षांचा कर्णधार असे खेळत असताना पेपीला जागा मिळणे शक्यच नव्हते. त्याने बहुतेक वेळा बदली म्हणून येऊन लीगमध्ये ७ गोल केले. पण ऑग्सबर्गचा बाक आणि पीएसव्हीचा बाक यांत जमीन-अस्मानाचा फरक होता, आणि हा फरक आई-वडिलांना सहसा दिसत नाही. पीएसव्हीत तो २०-२५ मिनिटे खेळायला येई तेव्हा प्रतिस्पर्धी संघ आपल्याच बॉक्समध्ये कोंडलेला असे, बचावपटू थकलेले असत आणि दोन्ही बाजूंनी चेंडू येत असत. शिवाय बाजूने आलेल्या चेंडूवर हेडर मारणे या बाबतीत डी योंग हा त्या काळातला युरोपातला एक अव्वल माणूस. रोजच्या सरावात तो गोलच्या पहिल्या खांबाकडे जाण्याचे सोंग करून दुसऱ्या खांबाशी कसा मागे राहतो, बचावपटूशी अंगाने भिडून त्याची उडी कशी अर्धवट ठेवतो, हे जवळून पाहायला मिळणे ही पेपीसारख्या स्ट्रायकरसाठी शाळाच होती.

याचे फळ कसे दिसले ते दोन सामन्यांतून सांगता येते. २९ नोव्हेंबर २०२३ रोजी चॅम्पियन्स लीगमध्ये सेव्हियाच्या मैदानावर पीएसव्ही ०-२ मागे होता. बरोबरी झाल्यावर ९० मिनिटे उलटून गेल्यानंतर पेपीने तिसरा गोल केला आणि पीएसव्हीला बाद फेरीत नेले. जवळपास एका वर्षाने, २७ नोव्हेंबर २०२४ रोजी, आइंडहोवनमध्ये शाख्तार डोनेत्स्कविरुद्ध पुन्हा ०-२ असताना टिलमनने शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल केले आणि भरपाई वेळेत पेपीने तिसरा. दोन्ही वेळा तो सुरुवातीच्या अकरांत नव्हता. बाकावर बसलेला स्ट्रायकर सामना कसा पाहतो यावर हे अवलंबून असते. मी माझ्या मुलांना सांगतो की बाकावर असताना चेंडू पाहू नका, समोरचे दोन सेंटर-बॅक पाहा: क्रॉस येताना कोण मान वळवून मागे पाहतो आणि कोण पाहत नाही, हे ७० व्या मिनिटापर्यंत तुम्हाला ठाऊक असायला हवे. न पाहणाऱ्याच्या पाठीमागे उभे राहायचे.

२०२४-२५ च्या हंगामात पेपी खऱ्या अर्थाने डी योंगच्या बरोबरीला आला. लीगमध्ये ११ गोल झाले होते आणि जानेवारीही संपला नव्हता. २९ जानेवारी २०२५ रोजी लिव्हरपूलविरुद्धच्या ३-२ अशा विजयात त्याने गोल केला आणि त्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली. शस्त्रक्रिया झाली, उरलेला हंगाम बुडाला, आणि मे महिन्यात पीएसव्हीने आयाक्सची मोठी आघाडी पुसून शेवटच्या दिवशी एका गुणाने विजेतेपद मिळवले तेव्हा तो मैदानाबाहेर होता. उन्हाळ्यातल्या गोल्ड कपलाही, म्हणजे उत्तर व मध्य अमेरिकी देशांच्या मुख्य स्पर्धेलाही, तो मुकला. या दुखापतीने त्याची वाढ नेमक्या त्या टप्प्यावर अडवली जेथे तो मोठ्या संघाचा पहिला स्ट्रायकर होऊ पाहत होता, म्हणून त्याच्या आकड्यांकडे पाहताना हे गमावलेले महिने लक्षात ठेवावेत.

आता डच लीग सोपी असण्याचा मुद्दा. तेथे बचावपटूंना अधिक जागा सोडून खेळावे लागते आणि इंग्लंड किंवा जर्मनीच्या मानाने अंगाची लढाई कमी असते, हे खरे आहे. तेथे गोल करणारा प्रत्येक जण इंग्लंडमध्ये गोल करेल असे मुळीच नाही, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकनच आहे. जोझी आल्टिडोर २००८ मध्ये अठराव्या वर्षी सुमारे १ कोटी डॉलरना स्पेनच्या व्हियारेआलला गेला. तेव्हाचा तो एमएलएसचा विक्रम होता. तेथे त्याला फारसे सामने मिळाले नाहीत, इंग्लंडच्या हल सिटीत उसनवारीवर पूर्ण हंगामात लीगचा एक गोल झाला. मग तो एझेड अल्कमार या डच क्लबला गेला आणि २०१२-१३ मध्ये लीगमध्ये २३ व सर्व स्पर्धांत मिळून ३१ गोल केले, डच चषकाच्या अंतिम सामन्यात पीएसव्हीविरुद्ध गोल करून चषकही जिंकला. त्यानंतर इंग्लंडमधल्या संडरलंडने त्याला घेतले आणि तेथे प्रीमियर लीगच्या ४२ सामन्यांत त्याचा एकच गोल झाला. लोक याचा अर्थ असा लावतात की एझेडमधले ३१ गोल खोटे होते. मी तसे मानत नाही. संडरलंड हा तळाशी धडपडणारा, बचावात दाटून राहणारा संघ होता, म्हणजे लीग बदलली तरी प्रकार ऑग्सबर्गचाच. आल्टिडोर दोनदा त्याच खड्ड्यात पडला. पेपी एकदा पडला, आणि विसाव्या वर्षाच्या आत त्यातून बाहेर आला, ही त्याच्या कारकिर्दीतली जमेची बाजू आहे.

अमेरिकेचा दुसरा स्ट्रायकर फोलारिन बालोगुन याचे नाव आपण प्रश्नात घेतले आहे, पण त्याची तुलना आपल्या मुलाशी लागू होत नाही. तो न्यूयॉर्कमध्ये जन्मला तरी लंडनमध्ये, आर्सेनलच्या अकादमीत वाढला. रँसमध्ये उसनवारीवर त्याने २०२२-२३ मध्ये फ्रेंच लीगचे २१ गोल केले ते बचावपटूंच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत धावून, कारण तो वेगवान स्ट्रायकर आहे आणि तो संघ तसाच खेळत होता. यावरूनही मुद्दा तोच पुढे येतो, इतकेच. सार्जंटचे उदाहरण अधिक उपयोगी आहे: नॉरिच या इंग्लिश क्लबमध्ये प्रीमियर लीगच्या हंगामात त्याला बऱ्याचदा बाजूला खेळवले गेले आणि लीगचे दोनच गोल झाले, खालच्या चॅम्पियनशिपमध्ये मधल्या जागी खेळायला मिळताच एका हंगामात १३ आणि पुढच्यात २६ सामन्यांत १६ गोल झाले. क्लब तोच, खेळाडू तोच, जागा बदलली.

आपल्या मुलाबद्दल. जागतिक फुटबॉल महासंघाच्या नियमानुसार १८ वर्षांखालील खेळाडूचे आंतरराष्ट्रीय हस्तांतर काही अपवाद सोडून होत नाही. युरोपीय संघातल्या (ईयू) देशाचे नागरिकत्व असलेल्यांना त्या क्षेत्राच्या आत १६ व्या वर्षी जाता येते. ख्रिश्चन पुलिसिक क्रोएशियन पारपत्रामुळेच इतक्या लवकर जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबमध्ये खेळू शकला. अमेरिकन किंवा भारतीय पारपत्र असलेल्या मुलाला १८ पूर्ण होईपर्यंत थांबावेच लागेल, तेव्हा त्याआधी कोणी मध्यस्थ युरोपातल्या चाचणीच्या नावाखाली पैसे मागू लागला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. नेदरलँड्समध्ये आणखी एक गोष्ट आहे: युरोपबाहेरच्या खेळाडूला लीगच्या सरासरीच्या दीडपट पगार देणे क्लबला बंधनकारक असते, १८ व १९ वर्षांच्या खेळाडूसाठी मात्र ही मर्यादा निम्मी होते. त्यामुळे डच क्लब अशा मुलाचा विचार करतील तर तो त्या दोन वर्षांतच करण्याची शक्यता जास्त. इंग्लंडमध्ये गुणांवर आधारलेला परवाना लागतो आणि केवळ अकादमीत खेळलेल्या मुलाला तो मिळणे जवळपास अशक्य असते.

तोपर्यंतची तीन वर्षे वाया जातात असे समजू नका. पेपी ज्या वाटेने गेला ती, म्हणजे क्लबच्या दुसऱ्या संघात मोठ्या माणसांविरुद्ध खेळणे, आपल्या घराजवळच आहे; नॉर्थ टेक्सस एससी आता एमएलएस नेक्स्ट प्रो या, बहुतेक दुसऱ्या संघांच्या, लीगमध्ये खेळतो आणि अकादमीतल्या मुलांना हौशी करारावरही तेथे खेळवता येते. आपल्या घरात शिक्षणाचा विचार होणार हे मी गृहीत धरतो, आणि तो व्हायलाच हवा, म्हणून व्यावसायिक करारावर सही करण्यापूर्वी महाविद्यालयीन फुटबॉलच्या पात्रतेवर त्याचा काय परिणाम होतो हे त्या वर्षीच्या नियमांनुसार लेखी विचारून घ्यावे. सतराव्या वर्षी केलेली सही परत घेता येत नाही.

आणि उद्या खरोखर एखाद्या युरोपीय क्लबकडून विचारणा झाली तर लीगचे नाव आणि रक्कम बाजूला ठेवून त्या संघाचे अलीकडचे काही सामने मुलाबरोबर पूर्ण पाहा. त्यांच्या नऊ नंबरच्या खेळाडूला प्रतिस्पर्ध्याच्या बॉक्समध्ये किती वेळा चेंडू मिळतो, आणि जमिनीवरून मिळतो की हवेतून, हे कागदावर लिहा. त्या जागेवर सध्या कोण आहे, त्याचे वय किती, त्याचा करार कधी संपतो हे विचारा. प्रशिक्षकाची खुर्ची किती स्थिर आहे ते पाहा. शक्य असेल तर उन्हाळ्यात जा, जानेवारीत नको. क्लबने एवढ्या प्रश्नांची सरळ उत्तरे दिली नाहीत तर ते उत्तरच समजावे.

पेपीपुढेही लवकरच हाच प्रश्न येणार आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात डी योंग पोर्तुगालच्या पोर्टो क्लबला गेल्यावर पीएसव्हीतली जागा मोकळी झाली, अमेरिकेच्या संघात प्रशिक्षक मौरिसियो पोचेतिनो यांच्यापुढे बालोगुन, राइट, सार्जंट यांच्यासोबत त्याचे नाव आहे, आणि इंग्लंडमधले क्लब त्याच्याकडे पाहत राहणारच. त्याने इंग्लंडला जायला माझी हरकत नाही, तो आता अंगाने भरला आहे आणि ऑग्सबर्गला गेला तेव्हापेक्षा कितीतरी सुजाण खेळाडू आहे. पण तो गुणतालिकेच्या वरच्या अर्ध्यातल्या, दोन्ही बाजूंनी क्रॉस टाकणाऱ्या संघात जात असेल तर जावे. तळाच्या पाच संघांपैकी कोणी दुप्पट पगार देऊ केला तरी त्याने आइंडहोवनमध्येच राहावे.